ऑस्ट्रेलियात मुलीला बास्केटबॉलमध्ये करिअर करायचं असेल तर: पासपोर्ट, गुडघा आणि वर्षाचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सव्वापंधरा वर्षांची, मेलबर्नमध्ये राहते, उंची १७० सेंटिमीटर, व्हीजेबीएल या व्हिक्टोरियातल्या ज्युनियर लीगमध्ये १६ वर्षांखालच्या गटात गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणाऱ्या जागी खेळते. आईवडील पुण्याहून आलेले, अजून पीआरवर, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यावर आहेत. तिला व्यावसायिक खेळाडू व्हायचंय. त्यावर पोट भरतं का, अमेरिकेत कॉलेजला पाठवावं का, आणि आत्ता नेमकं काय करायला हवं?

करिअर होऊ शकतं. पण 'नोकरी लागली, आता सुटलो' अशा जातीचं हे करिअर नाही. ऑस्ट्रेलियन खेळाडूचं वर्ष दोन-तीन लीगचे तुकडे जोडून बनतं, आणि ते नीट जोडणारीचीच कारकीर्द बारा-चौदा वर्षं चालते. चांगल्या खेळणाऱ्या मुली या देशात भरपूर आहेत. मागे पडतात त्या बऱ्याचदा कागदपत्रं, गुडघा किंवा वेळापत्रक यांतल्या एखाद्या गोष्टीमुळे, आणि या तिन्हींची सुरुवात पंधराव्या-सोळाव्या वर्षीच होते.

आधी जागा किती आहेत ते बघा. देशाची सर्वोच्च महिला लीग म्हणजे डब्ल्यूएनबीएल, १९८१ पासून चालू आहे. २०२५-२६ च्या हंगामात टास्मानिया ज्वेल्स आल्यावर नऊ संघ झाले: अ‍ॅडलेड, बेंडिगो, कॅनबेरा, जिलाँग, पर्थ, साउथसाइड, सिडनी, टाउन्सविल आणि टास्मानिया. एका संघात साधारण दहा पक्के करार धरले तर सगळ्या मिळून नव्वदच्या आसपास जागा. त्यातून परदेशी खेळाडू वजा केल्या की ऑस्ट्रेलियन मुलींसाठी सत्तरेक उरतात. त्या दरवर्षी रिकाम्या होत नाहीत. तिशीतली खेळाडू चांगली खेळत असेल तर ती जागा सोडत नाही, आणि का सोडावी? त्यामुळे एका वर्षी नवीन मुलीला मिळू शकणाऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. एकाच दारावर सगळी भिस्त ठेवू नका, इतकंच त्यातून घ्या.

आता सगळ्यात तातडीचं, जे तुम्ही विचारलंच नाहीत: नागरिकत्व.

फिबा म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या नियमानुसार वयाची सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर ज्या खेळाडूला एखाद्या देशाचं नागरिकत्व मिळालं, अशी एकच खेळाडू त्या देशाच्या राष्ट्रीय संघात असू शकते. ही एक जागा किती मोलाची असते ते सॅमी व्हिटकॉमवरून समजेल. ती अमेरिकेत वाढली, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात रॉकिंगहॅमकडून आणि मग पर्थ लिंक्सकडून खेळली, २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियन नागरिक झाली आणि ओपल्स म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघात आली. तुमच्या मुलीचं नागरिकत्व सोळाव्या वाढदिवसानंतर झालं तर कागदावर ती याच एका जागेच्या रांगेत जाते. फिबाकडे अपवादाची विनंती करता येते, पण हातात असलेली गोष्ट विनंतीवर कशाला सोडायची?

तुमच्या हातात जेमतेम नऊ महिने आहेत. सोळा वर्षांखालचं मूल पालकाच्याच नागरिकत्वाच्या अर्जात घालता येतं. त्यासाठी पालकाचं चार वर्षांचं कायदेशीर वास्तव्य हवं आणि त्यातलं शेवटचं वर्ष पीआरवर गेलेलं हवं. इथे बहुतेकांची गल्लत होते. अर्ज मंजूर झाल्याचं पत्र आलं म्हणजे काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात पालक समारंभात शपथ घेतात त्या दिवशी त्यांचं आणि अर्जातल्या मुलाचं नागरिकत्व लागू होतं. समारंभ कौन्सिल ठरवते, आणि तिथेही काही महिने जाऊ शकतात. वाढदिवस जवळ येत असेल तर तारीख लवकर मिळावी म्हणून लेखी विनंती करा, कारण स्पष्ट लिहा. शपथेनंतर लगेच मुलीचा ऑस्ट्रेलियन पासपोर्ट काढा, कारण क्रीडा संघटना पुरावा म्हणून तोच बघतात.

दुसरी बाजूही घरात बसून नीट बोला. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो. ओसीआय कार्डावर ते होत नाही. हा निर्णय भावनेचाही आहे, त्यात कुणी तिसऱ्याने पडू नये. फक्त तो तारीख उलटून गेल्यामुळे आपोआप झाला, असं व्हायला नको.

मुलगी आत्ता जिथे आहे तिथून वरची वाट अशी. व्हीजेबीएलमध्ये सर्वांत वरची पायरी व्हिक्टोरियन चॅम्पियनशिप, ज्याला सगळे व्हीसी म्हणतात. तिथल्या मुली राज्याच्या निवडकर्त्यांच्या नजरेत राहतात. व्हिक्टोरियाचे राष्ट्रीय स्पर्धेत दोन संघ उतरतात, मेट्रो (मेलबर्न) आणि कंट्री (बाकीचं राज्य). तुमची मुलगी मेट्रोत येईल, आणि मेट्रोची स्पर्धा देशातल्या सगळ्यात कठीण स्पर्धांपैकी आहे. राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेत नाव झालं तर कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टमधल्या सेंटर ऑफ एक्सलन्सचं बोलावणं येऊ शकतं. तिथे राहणं आणि रोजचा सराव एकाच आवारात होतो, शाळा जवळपास असते. सतरा वर्षांखालचा राष्ट्रीय संघ सफायर्स, एकोणीस वर्षांखालचा जेम्स, आणि वर ओपल्स. सफायर्सनी २०१६ मध्ये स्पेनमध्ये जगज्जेतेपद मिळवलं होतं. त्या पिढीतली एझी मॅगबेगोर कॉलेजला न जाता याच वाटेने डब्ल्यूएनबीएलमध्ये आली, २०१९ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च महिला लीगच्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) सिअ‍ॅटल स्टॉर्मने तिला बाराव्या क्रमांकावर निवडलं आणि २०२० मध्ये तिथे विजेतेपदही मिळालं.

मात्र सोळाव्या वर्षी राज्य संघात नाव आलं नाही म्हणून बॅग माळ्यावर टाकू नका. या वयात निवड बरीचशी उंची आणि लवकर झालेली शारीरिक वाढ बघून होते. १७० सेंटिमीटरच्या गार्डचं खरं मोल अठरा-एकोणीसला कळतं, जेव्हा सगळ्यांची वाढ थांबलेली असते आणि चेंडूवरचा ताबा, नजर आणि निर्णय उरतात. बॅलारॅटची जॉर्जिया अमूर साधारण १६८ सेंटिमीटरची. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टनने तिला सहाव्या क्रमांकावर घेतलं.

राज्य संघाखेरीजची दुसरी शिडी म्हणजे एनबीएल१. २०१९ पासूनची ही अर्धव्यावसायिक लीग हिवाळ्यात, एप्रिल ते ऑगस्ट चालते. महिलांचा आणि पुरुषांचा सामना एकाच संध्याकाळी एकाच हॉलमध्ये होतो. व्हिक्टोरियात त्याखाली बिग व्ही आहे. भारताची गीतू अ‍ॅना जोस २००६ मध्ये याच बिग व्हीमध्ये रिंगवूड हॉक्सकडून खेळायला आली होती, हे मेलबर्नमधल्या आपल्या मुलींना कुणी सांगत नाही, सांगायला हवं. सतरा-अठरा वर्षांची मुलगी एनबीएल१ संघाच्या बाकावर बसली, आठवड्याला सहा-आठ मिनिटं खेळली, तरी ज्युनियर लीगमध्ये पस्तीस मिनिटं खेळण्यापेक्षा जास्त शिकते. समोर तिशीतली, डब्ल्यूएनबीएल खेळलेली बाई खांदा लावून उभी असते. तिच्यासमोर ड्रिबल कुठे तुटतं ते पहिल्याच सामन्यात कळतं.

अमेरिकेतल्या कॉलेजबद्दल. पूर्ण स्कॉलरशिप मिळत असेल तर शिक्षण, राहणं, जेवण, वैद्यकीय सोय आणि चार वर्षांचं दर्जेदार प्रशिक्षण मिळतं. अ‍ॅलाना स्मिथ स्टॅनफर्डला गेली, २०१९ मध्ये आठव्या क्रमांकावर निवडली गेली आणि २०२५ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या सर्वोत्तम बचावपटूचा मान तिने आजा विल्सनसोबत वाटून घेतला. माझं मत विचाराल तर राज्य संघापर्यंत न पोचलेल्या, अभ्यासात बऱ्या असलेल्या गार्डसाठी कॉलेजची वाट जास्त सुरक्षित. गुडघा गेला तरी हातात डिग्री राहते. सोळाव्या वर्षीच सेंटर ऑफ एक्सलन्समध्ये असलेल्या उंच मुलीसाठी मात्र घरी राहून डब्ल्यूएनबीएल खेळणं बऱ्याचदा लवकर वर नेतं. कॉलेजला न गेलेली परदेशी खेळाडू ज्या वर्षी वीस वर्षांची होते त्या वर्षी ड्राफ्टला पात्र ठरते. कॉलेजला गेली की साधारण चार वर्षं तिकडेच जातात.

कॉलेजचा विचार असेल तर या गोष्टी आत्ताच करायच्या आहेत. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांचं नियमन करणारी संघटना, पहिल्या डिव्हिजनसाठी सोळा मुख्य विषयांचे कोर्स आणि किमान २.३ जीपीए बघते, आणि त्यात नववीपासूनचे गुण धरले जातात. व्हीसीईला, म्हणजे व्हिक्टोरियाच्या अकरावी-बारावीला, मेहनत केली की झालं, हा समज महागात पडतो. नववी-दहावीला गणित किंवा सायन्स वाऱ्यावर सोडलेलं असेल तर ते आकड्यांत दिसतं. दहावीनंतर सोपे, मुख्य यादीत न बसणारे विषय निवडले की सोळाचा आकडा पुरा होत नाही. शाळेचे दरवर्षीचे अधिकृत निकाल जपून ठेवा. सॅट आता एनसीएएच्या पात्रतेसाठी लागत नाही, एखादं कॉलेज स्वतःच्या प्रवेशासाठी मागू शकतं.

दुसरं म्हणजे पैसे. कॉलेजला जायचंय तोवर खेळण्याबद्दल मानधन घ्यायचं नाही. डब्ल्यूएनबीएल संघात अशा मुलींना डेव्हलपमेंट प्लेअर म्हणून, बिनपगारी घेतलं जातं. अडचण येते ती एनबीएल१ क्लबने प्रेमाने दिलेल्या सामन्याच्या पाकिटाने. प्रवास, जेवण, गणवेश यांचा प्रत्यक्ष खर्च चालतो, तोही पावतीसह. त्यापलीकडचं काही हातात घेण्याआधी ज्या कॉलेजशी बोलणं चालू आहे त्यांच्या कम्प्लायन्स ऑफिसला (नियम पाळले जातात का ते बघणारा विभाग) ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. तिसरं, वेळ. आपली शाळा डिसेंबरात संपते, तिकडचं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं. हे आठ महिने एनबीएल१ आणि जिमसाठी सोन्यासारखे आहेत. पण शाळा संपल्यापासून वर्षभराच्या पलीकडे प्रवेश लांबवला आणि त्या काळात स्पर्धा खेळली, तर पात्रतेतला हंगाम कापला जाऊ शकतो.

आता गुडघा. यावर सगळ्यात जास्त वेळ द्या.

गुडघ्यातलं पुढचं तिरकं लिगामेंट, म्हणजे एसीएल, फाटण्याचं प्रमाण बास्केटबॉलमध्ये मुलांपेक्षा मुलींमध्ये कित्येक पट जास्त आहे, आणि बहुतेक वेळा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. मुलगी रिबाउंड घेऊन एका पायावर उतरते किंवा वेगात येऊन एकदम दिशा बदलते. गुडघा जवळजवळ सरळ असतो, मांडी आत वळते, पाऊल बाहेर राहतं. त्या क्षणी गुडघा आतल्या बाजूला कोसळतो आणि 'टक्' असा आवाज येतो. अमूरचा २०२५ चा पहिला हंगाम सुरू होण्याआधीच एसीएलमुळे गेला.

यावर उपाय आहे, आणि तो साधा आहे. सरावाच्या सुरुवातीला पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीन वेळा, बाराही महिने. तीसेक सेंटिमीटर उंच बॉक्सवरून खाली उतरायचं, आवाज न करता, गुडघे वाकवून, गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवून. एका पायावर बाजूला उडी मारून तीन सेकंद स्थिर उभं राहायचं. गुडघ्यावर बसून, जोडीदाराने घोटे धरलेले असताना शरीर हळूहळू पुढे झुकवायचं, म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू मजबूत होतात. एका पायावर अर्धं बसून उठायचं. समोरून फोनवर व्हिडिओ काढा आणि गुडघा आत जातो का ते बघा. चुका ठरलेल्या आहेत: हे फक्त हंगामाआधी सहा आठवडे करतात, सराव संपल्यावर थकलेल्या पायांनी करतात, किंवा कोच आकडा मोजतो आणि गुडघा कसा ठेवलाय ते बघत नाही. आत कोसळणाऱ्या गुडघ्याने वीस उड्या मारणं म्हणजे चुकीचाच सराव.

फाटलंच, तर शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत स्पर्धेत उतरू देऊ नका. त्याआधी परतणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका ठळकपणे जास्त असतो. नऊ महिने झाले म्हणूनही सोडू नका. एका पायाची उडी आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के भरली पाहिजे, आणि ती मोजून लिहिलेली असली पाहिजे. 'आता बरं वाटतंय' हे मोजमाप नाही.

आपल्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट. वाढत्या वयात आठवड्याला दहा-बारा तास खेळणाऱ्या मुलीला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दीड ग्रॅमच्या वर प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोला ९५ ग्रॅमच्या आसपास. वरण-भात, पोळी-भाजी आणि वाटीभर दह्यावर ते भरत नाही. शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम, एका अंड्यात ६, वाटीभर वरणात जेमतेम ६-७. शाकाहारी राहून जमतं, पण रोज मोजून. वर्षातून एकदा फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्या. हॉलमध्ये वाढणाऱ्या सावळ्या मुलींमध्ये ड जीवनसत्त्व बऱ्याचदा कमी निघतं. आणि पाळी दोन-तीन महिने चुकली तर 'खेळामुळे होतं' म्हणून गप्प बसू नका. खाण्यापेक्षा खर्च जास्त होतोय याची ती खूण आहे, आणि त्यातूनच पुढे हाडाला बारीक भेगा पडतात. कोच पुरुष असेल तर मुलगी हे त्याला सांगणार नाही. आईने विचारायचं.

पोट भरतं का, या प्रश्नाचं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. डब्ल्यूएनबीएल ऑक्टोबर ते मार्च, एनबीएल१ एप्रिल ते ऑगस्ट, डब्ल्यूएनबीए मे ते ऑक्टोबर, युरोपातल्या लीग साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर ते एप्रिल-मे. देशातल्या देशात राहणारी मधल्या फळीतली खेळाडू उन्हाळ्यात डब्ल्यूएनबीएल आणि हिवाळ्यात एनबीएल१ असे दोन करार जोडते, वर शाळेत कोचिंग किंवा अर्धवेळ नोकरी करते. बऱ्याच जणी सोबत शिकत असतात. एलिट अ‍ॅथलिट एज्युकेशन नेटवर्कमधली विद्यापीठं परीक्षा आणि हजेरी पुढेमागे करून देतात, फक्त सत्राच्या सुरुवातीला मागावं लागतं, परीक्षेच्या आठवड्यात नाही. आठवडा कसा जातो ते बघा: मेलबर्नहून पर्थला सामना असेल तर चार तासांचं विमान आणि उन्हाळ्यात घड्याळ तीन तास मागे. सामना संपून झोपायला जाईपर्यंत शरीराच्या घड्याळात पहाटेचे दोन-तीन वाजलेले असतात. दुसऱ्या दिवशी परत, आणि सोमवारी कामावर.

खरा पैसा परदेशात जास्त आहे, पण तिथली जागा डळमळीत असते. डब्ल्यूएनबीएत २०२५ मध्ये १३ संघ होते, प्रत्येकी कमाल बारा खेळाडू. नव्या खेळाडूचा किमान पगार ६६,०७९ अमेरिकन डॉलर होता. ड्राफ्टमध्ये नाव आलं म्हणजे करार पक्का झाला असं नसतं. शायला हील २०२१ मध्ये आठव्या क्रमांकावर निवडली गेली आणि त्याच हंगामात, काही सामन्यांनंतरच, बाहेर पडली. उलट व्हिटकॉमला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. ती अठ्ठाविसाव्या वर्षी तिथे पहिला सामना खेळली आणि सिअ‍ॅटलबरोबर दोन विजेतेपदं जिंकली. म्हणून बाविसाव्या वर्षी दार बंद झालं की कारकीर्द संपली असं धरू नका.

वर्ष जोडताना एक नियम लक्षात असू द्या. दोन वर्षांहून जास्त अनुभव असलेल्या खेळाडूने युरोपातला हंगाम लांबवून अमेरिकेत उशिरा पोचणं आता चालत नाही. २०२४ पासून त्याची शिक्षा अख्ख्या हंगामाला मुकण्याची आहे. डब्ल्यूएनबीएल मार्चमध्येच संपते, त्यामुळे घरी खेळणाऱ्यांना हा त्रास नाही. मात्र ऑक्टोबरात अमेरिकेतून येऊन लगेच इथे उतरलं की बारा महिन्यांत विश्रांती उरत नाही. वर्षातले सलग चार आठवडे चेंडूविना, हे करारातच लिहून घेणाऱ्या खेळाडू शहाण्या.

पैशाचं एक कलम अनेकींना माहीतच नसतं. ऑस्ट्रेलियन कर खातं खेळाडूला 'विशेष व्यावसायिक' धरतं आणि उत्पन्नाची सरासरी काढून कर लावण्याची सोय देतं. एका वर्षी मोठा करार आणि पुढच्या वर्षी गुडघ्यामुळे काहीच नाही, अशा कारकिर्दीला याने चांगला फरक पडतो. पहिल्या करारापासूनच अकाउंटंटला सांगा. पगारावर सुपर (मालकाने भरायचा निवृत्तिनिधी) भरलं जातंय का तेही बघा. १ जुलै २०२५ पासून दर १२ टक्के आहे.

युरोपात किंवा आशियात जाताना करारात हे शब्द हवेत: पगार 'नेट', म्हणजे कर क्लबने भरलेला. करार पूर्ण हमीचा, ट्रायल नाही. वैद्यकीय चाचणी पोचल्यापासून दोन-तीन दिवसांत, आणि त्यात पास झाल्यावर पुढच्या दुखापतीचा पगार कापता येणार नाही. घर, दोन परतीची तिकिटं, विमा. एजंट फिबाचा परवानाधारक, आणि त्याची फी क्लब देणार की खेळाडू ते स्पष्ट. वाद झाला तर जिनिव्हाच्या बास्केटबॉल लवाद न्यायाधिकरणाकडे जाईल, हे वाक्य. ते वाक्य नसेल तर स्थानिक कोर्टात, स्थानिक भाषेत लढावं लागतं. आणि हप्ता ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त थकला तर खेळणं थांबवण्याचा आणि करार सोडून क्लिअरन्स, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून खेळण्याची मोकळीक, घेण्याचा हक्क. हा हक्क वापरताना हमखास होणारी चूक अशी: मुलगी मॅनेजरला तोंडी सांगते, तो 'पुढच्या आठवड्यात' म्हणतो, ती सराव बुडवते आणि करार मोडल्याचा ठपका तिच्यावरच येतो. करारात दिलेल्या पत्त्यावर, तारखेसह, थकलेली रक्कम लिहून ईमेल जातो आणि त्यात दिलेली मुदत संपते, तोवर तिने रोज वेळेवर सरावाला जायचं.